दूध जास्त येतंय? आधी पंप कपाटात ठेवा

पाचवी पुजली त्याच्या दुसऱ्या दिवशी पहाटे मला जाग आली ती अंथरूण ओलं लागलं म्हणून. बाळानं शू केली असेल असं वाटून दुपटं चाचपलं, तर ते कोरडं. भिजला होता माझा गाऊन, चादर आणि खालची गादी. छाती दगडासारखी. बाळाला घेतलं तर दोन घोटांत त्याला ठसका लागला, तोंड सोडून ते किंचाळायला लागलं आणि दुधाची चिळकांडी थेट त्याच्या डोळ्यांवर उडाली. आत्या शेजारी होती. म्हणाली, "नशीब काढलंस गं. कित्येकींना थेंब येत नाही."

इथंच गोची आहे. दूध येत नसलं की अख्खं घर धावतं. जास्त येत असलं की तक्रार करायची सोय नाही, कारण ती तक्रार वाटतच नाही कुणाला. पहिल्या बाळाच्या वेळी मी पावणेदोन महिने रडत काढले आणि जे करायला नको नेमकं तेच करत बसले. चार वर्षांनी दुसऱ्या वेळी पुन्हा तोच पूर आला, पण तेव्हा काय करायचं हे ठाऊक होतं. ते इथं क्रमानं लिहिते आहे. मी डॉक्टर नाही. जिथं डॉक्टर लागतात तिथं तसं स्पष्ट लिहिलं आहे.

आधी ओळखा: हे खरंच जास्तीचं दूध आहे का?

पहिले दोन-तीन दिवस चीक येतो, थेंबाथेंबानं. साधारण दुसऱ्या ते पाचव्या दिवसाच्या दरम्यान पान्हा उतरतो आणि छाती एकदम भरून येते. ही सूज नुसती दुधाची नसते. त्या भागात रक्तपुरवठा वाढलेला असतो, आजूबाजूला पाणी धरलेलं असतं. बाळंतपणात सलाईन बरंच लागलं असेल तर सूज आणखी जाणवते. हा प्रकार बहुतेक बाळंतिणींना होतो आणि बाळ नीट, वारंवार प्यायला लागलं की आठ-पंधरा दिवसांत ओसरतो. त्यामुळे पहिल्या आठवड्यात "मला दूध फार आहे" असा निष्कर्ष काढू नका, आणि ते कमी करायचे उपाय तर मुळीच करू नका. या दिवसांत शरीर अंदाज बांधत असतं. त्याला जुळं आहे की एक आहे हेही ठाऊक नसतं.

तीन-चार आठवडे उलटल्यावरही खालच्या गोष्टी रोज घडत असतील, तर मात्र दूध गरजेपेक्षा जास्त आहे असं समजायला जागा आहे:

- पाजून तासभर होत नाही तोच छाती पुन्हा ताठ, दुखरी. गाठी एकदा इथं, एकदा तिथं.
- पान्हा सुटला की बाळाला ठसका, गटागट गिळण्याचा आवाज, मध्येच 'टक् टक्' करत पकड सुटणं. काही बाळं वेग रोखायला हिरड्यांनी करकचून चावतात.
- बाळ अंगाला कमान करून मागं जातं, रडतं, पण भुकेलंही असतं.
- शी हिरवी, फेसाळ, फट्‌कन आवाज करत होणारी. पोटात गॅस. दूध ओकणं, गुळण्या टाकणं.
- आणि हे सगळं चालू असताना वजन मात्र झपाट्यानं वाढतंय.

शेवटचा मुद्दा सगळ्यात महत्त्वाचा. जन्मानंतर थोडं उतरलेलं वजन दहा-चौदा दिवसांत भरून निघतं आणि मग पहिले तीन महिने रोज साधारण २५ ते ३० ग्रॅम वाढ अपेक्षित असते. त्याहून बरीच जास्त वाढ आणि वरच्या तक्रारी, तर अंदाज बरोबर. वजन वाढत नसेल, तर छाती कितीही गळत असली तरी हा लेख तुमच्यासाठी नाही. तेव्हा बाळाची पकड, टाळू, जिभेखालचा पडदा हे बघायला बालरोगतज्ज्ञ किंवा स्तनपान सल्लागार लागतात, आणि लगेच लागतात. नुसतं गळणं ही जास्त दुधाची खूण नाही. माझ्या एका मैत्रिणीचं पार सहा महिने गळत होतं आणि दूध अगदी बेताचं होतं.

विहिरीचा हिशोब

पुढचं सगळं कळायला एवढं एक डोक्यात बसायला हवं. छाती म्हणजे भरलेली टाकी नव्हे की एकदा रिकामी केली की सुटलो. ती झऱ्याची विहीर आहे. जितका उपसा, तितका झरा मोकळा.

पहिले काही आठवडे दूध मुख्यतः संप्रेरकांच्या जोरावर येतं. प्रोलॅक्टिन दूध तयार करतं, ऑक्सिटोसिन पान्हा सोडतं. नंतर हळूहळू कारभार स्थानिक पातळीवर येतो: आतून किती दूध निघालं त्यावर किती तयार व्हायचं ते ठरतं. दूध आत थोडं राहिलं की पेशींना 'पुरे' असा निरोप जातो. पार रिकामं केलं की 'अजून हवंय' असा. दोन्ही बाजूंचा हिशोब वेगवेगळा चालतो, हे विशेष. उजवीकडे पूर आणि डावीकडे बेताचं असं असू शकतं.

मला काय सांगितलं होतं? "छातीत दूध साठू द्यायचं नाही. पाजून झालं की पंपानं उरलेलं काढून टाक." ज्या दवाखान्यात बाळंत झाले तिथल्या सिस्टरनं अगदी मायेनं सांगितलं. मी दर पाजणीनंतर पंप लावला. चौथ्या दिवशी एका वेळी साठ मिली निघायचं, पंधराव्या दिवशी दीडशे. महिन्याभराचं बाळ अख्ख्या दिवसाला साधारण साडेसातशे-आठशे मिली दूध पितं. मी तेवढं पाजून वर जवळजवळ तितकंच काढत होते आणि रोज रात्री विचारत होते की हे थांबत का नाही.

पायरी १: उपसा थांबवा, पण एकदम नव्हे

पंप रोज वापरत असाल तर झटक्यात बंद करू नका. गाठी होतील, ताप येईल. दर दोन-तीन दिवसांनी एक वेळ कमी करा, किंवा प्रत्येक वेळी पाच मिनिटं आधी थांबवा. पंप नव्यानंच आणला असेल आणि दोन-चारदाच वापरला असेल, तर सरळ कपाटात ठेवा. बाळ एनआयसीयूत (नवजात बाळांच्या अतिदक्षता विभागात) असेल किंवा अजून अंगावर पीत नसेल तर गोष्ट वेगळी. तिथं पंप हाच बाळाच्या तोंडाचा बदली असतो, वेळापत्रक डॉक्टरांचं.

सिलिकॉनचा तो छातीला चिकटून बसणारा, आपोआप दूध गोळा करणारा कप मिळतो ना, तोही या बाबतीत निष्पाप नाही. एका बाजूला बाळ पीत असताना दुसऱ्या बाजूला तो ओढत राहतो. गळणारं दूध वाया जाऊ नये म्हणून लावला जातो आणि त्यानंच गळणं वाढतं.

मग दुखतं तेव्हा करायचं काय? हातानं काढा, फक्त दुखणं कमी होईल इतकंच. अंगठा आणि बोटं निपलपासून दोन-तीन सेंटिमीटर मागं ठेवा, आधी छातीच्या पिंजऱ्याकडे दाबा, मग बोटं एकमेकांकडे आणा, सोडा. ओढायचं नाही, घासायचं नाही. एक-दोन मिनिटं. छाती मऊ झाली नाही, नुसता ताण उतरला, एवढ्यावर थांबा. 'रिकामं' हा शब्दच डोक्यातून काढून टाका.

काळसर भाग इतका ताठ झाला असेल की बाळाला तोंडात धरताच येत नाही, तर पाजण्याआधी निपलच्या भोवती पाच बोटांची टोकं फुलासारखी ठेवून आत छातीकडे हलका, स्थिर दाब द्या आणि साधारण मिनिटभर तसाच ठेवा. सूज थोडी मागं सरकते, तो भाग मऊ होतो आणि बाळाला पकड मिळते. पैसे न लागणारी ही एक युक्ती मला पहिल्याच दिवशी कुणी शिकवली असती तर बरं झालं असतं.

पायरी २: ताटात काय आहे ते बघा

आपल्याकडे बाळंतिणीचा डबाच मुळी दूध वाढवण्यासाठी भरलेला असतो. डिंकाचे लाडू, मेथीचे लाडू, अळिवाची खीर, खसखशीची खीर, बाजरीची भाकरी, लसणाची चटणी, बाळंतशोपा आणि सकाळ-संध्याकाळ शतावरी कल्प. ज्यांना दूध कमी त्यांच्यासाठी ठीक. पण पूर आलेल्या नदीत आणखी धरण फोडायचं कशाला?

शतावरी, मेथी आणि 'दूध वाढवणारं' असं लिहिलेली पावडर किंवा चूर्ण आधी थांबवा. दवाखान्यातून घरी येताना दिलेल्या गोळ्यांच्या चिठ्ठीवरही नजर टाका. डॉम्पेरिडोन किंवा मेटोक्लोप्रमाइड लिहिलेलं असेल तर ते कशासाठी दिलंय हे डॉक्टरांना विचारा. ही औषधं दूध वाढवण्यासाठी दिली जातात आणि पुष्कळदा "सगळ्यांनाच देतो" म्हणून चालू राहतात. स्वतःच्या मनानं बंद करू नका, फोन करा.

जेवण मात्र कमी करायचं नाही. पहिले सहा महिने अंगावर पाजणाऱ्या आईला रोज सुमारे ६०० कॅलरी जास्तीच्या लागतात, असा आपल्या आयसीएमआरचा (भारतीय वैद्यकीय संशोधन परिषदेचा) हिशोब आहे. भाकरी, वरण, भाज्या, अंडी, मासे जे घरात होतं ते पोटभर खा. पाणी कमी प्यायल्यानं दूध कमी होत नाही, फक्त तुमचं डोकं दुखतं आणि पोट साफ होत नाही. तहान लागेल तेवढं प्या.

सासूबाईंनी हौसेनं केलेल्या मेथीच्या लाडवांचं काय करायचं, हा प्रश्न कोणत्याही डॉक्टरी पुस्तकात नाही. आमच्याकडे ते नवऱ्यानं आणि दिरानं संपवले. दोघांचीही वजनं वाढली.

पायरी ३: बसायची ठेवण बदला

आपली पाजायची पद्धत म्हणजे मांडी घालून बसायचं, बाळाला मांडीवर आडवं घ्यायचं आणि त्याच्यावर वाकायचं. दूध बेताचं असेल तेव्हा यात वावगं काही नाही. पण पान्हा जोराचा असेल तर हे म्हणजे उताण्या बाळाच्या घशात नळ सोडणं झालं.

मागं रेला. पाठीला दोन-तीन उशा, अर्धवट आरामखुर्चीत बसल्यासारखं, आणि बाळ तुमच्या छातीवर पालथं, पोटाला पोट लावून. आता दुधाला वर चढून जावं लागतं, बाळाचं डोकं मोकळं असतं आणि जास्त झालं तर ते स्वतःच तोंड बाजूला करतं. पहिल्या दोन-तीन वेळा अवघडल्यासारखं होईल. सिझेरियन झालं असेल तर बाळाला टाक्यांवर न ठेवता तिरकं, बगलेच्या बाजूनं घ्या.

कुशीवर झोपून पाजणंही चांगलं. बाळाच्या ओठांच्या कडेनं जास्तीचं दूध खाली ठेवलेल्या फडक्यावर ओघळून जातं. आमच्या आईचा याला कडक विरोध: "झोपून पाजलं की कानात दूध जातं." त्यातलं खरं इतकंच की बाळ उताणं असू नये. त्याचं पूर्ण अंग तुमच्याकडे वळलेलं, कान-खांदा-कंबर एका रेषेत असावी. सोफ्यावर किंवा आरामखुर्चीत पाजताना मात्र डोळा लागू देऊ नका. तिथं बाळ फटीत सरकण्याचा धोका असतो. गुंगी येत असेल तर बाळ दुसऱ्या कुणाकडे द्या.

पान्हा सुटला की छातीत मुंग्या आल्यासारखं होतं, किंवा दुसऱ्या बाजूनं गळायला लागतं. त्या क्षणी बाळाला हलकेच बाजूला घ्या, पहिली धार फडक्यात जाऊ द्या आणि वेग मंदावला की पुन्हा लावा. ती धार गोळा करायच्या भानगडीत पडू नका. मोह होतो, मलाही झाला होता. दर दोन-चार मिनिटांनी खांद्यावर घेऊन ढेकर काढा. पाजून झाल्यावर दहा-पंधरा मिनिटं उभं धरा.

आणखी एक: बाळ पार भुकेजून रडायला लागेपर्यंत थांबू नका. भुकेलं बाळ जोरात ओढतं, जोरात ओढलं की पान्हाही जोरात. झोपेतून उठता उठता, तोंड वळवायला लागलं की लगेच घेतलं तर ते सावकाश पितं.

पायरी ४: एका वेळी एकच बाजू

"दहा मिनिटं इकडे, दहा मिनिटं तिकडे" हा नियम बहुतेक घरांत चालतो. जास्त दूध असलेल्या आईला तो महागात पडतो. छाती जसजशी रिकामी होते तसतसं दुधातलं स्निग्धांशाचं प्रमाण वाढत जातं. भरगच्च छातीतलं सुरुवातीचं दूध तुलनेनं पातळ असतं. बाळानं इकडचं वरवरचं आणि तिकडचंही वरवरचं प्यायलं, की पोट भरतं पण दूध आतड्यातून भराभर पुढं सरकतं. दुधातली साखर नीट पचायला वेळ मिळत नाही, म्हणून गॅस आणि हिरवी फेसाळ शी. यात दूध 'खराब' नाही. "तुझं दूध त्याला बाधतंय, वांगं खाल्लंस का" असं कुणी म्हणालं तर वांग्याची बाजू घ्या.

तर, एका वेळी एकच बाजू. बाळ स्वतः सोडेपर्यंत तीच. पुढच्या वेळी दुसरी. बऱ्याच जणींचं एवढ्यावरच आठवड्याभरात भागतं.

नाहीच भागलं तर पुढची पायरी असते, वेळ वाटून पाजण्याची. उदाहरणार्थ सकाळी ६ ते ९ या तीन तासांत बाळ कितीही वेळा मागो, डावीच बाजू. ९ ते १२ उजवी. ज्या बाजूची पाळी नाही ती ताठली तर हातानं थोडं, फक्त ताण उतरेपर्यंत. पाळी नसलेल्या बाजूला दूध आत राहतं आणि 'पुरे' हा निरोप पोचतो. एक-दोन दिवसांत फरक जाणवायला लागतो.

पण हे शस्त्र आहे, खेळणं नाही. बाळ किमान चार आठवड्यांचं होईपर्यंत, वजन उत्तम वाढत नसेल तर, किंवा छातीत आत्ता गाठ वा ताप असेल तर हे करायचं नाही. शक्यतो स्तनपान सल्लागाराच्या किंवा डॉक्टरांच्या देखरेखीखाली करावं, दर दोन-तीन दिवसांनी वजन बघावं आणि फरक पडला की थांबावं. सहसा आठवड्याच्या आत. मी दुसऱ्या वेळी पाच दिवस केलं. सहाव्या दिवशी छाती मऊ लागली तेव्हा घाबरून उलटं दूध कमी झालं की काय अशी शंका आली. ते मऊ असणं हेच हवं होतं. तरीही महिनोन्‌महिने असं चालू ठेवलं तर दूध खरोखरच कमी होतं, हेही विसरू नका.

नेदरलँड्समधून २००७ साली प्रसिद्ध झालेल्या एका पद्धतीत हे सुरू करण्याआधी दोन्ही बाजू एकदा पंपानं पूर्ण रिकाम्या करतात, बाळाला पाजतात आणि मगच पाळ्या लावतात. ती अनेकींना लागू पडते, पण सगळं काढून टाकायची ती 'एकदा' रोजची होऊन बसण्याचा धोका असतो. म्हणून ती एकटीनं घरी करू नये असं माझं मत.

पायरी ५: गाठ झाली तर

इथं जुनं आणि नवं यात मोठा फरक आहे. माझ्या आईनं मला गरम पाण्याचा शेक, वरून कंगवा फिरवणं आणि गाठ चोळून मोडणं असा त्रिवार उपचार केला. अंघोळ घालणाऱ्या मावशींनी तेल लावून बोटानं दाबून दाबून दूध काढलं. दुसऱ्या दिवशी छाती लाल आणि मला १०२ ताप.

स्तनपानावर काम करणाऱ्या डॉक्टरांची अकॅडमी ऑफ ब्रेस्टफीडिंग मेडिसिन ही आंतरराष्ट्रीय संस्था आहे. तिनं २०२२ साली दिलेल्या मार्गदर्शनात सांगितलंय की गाठ म्हणजे नळीत अडकलेला दह्याचा गोळा नव्हे. आजूबाजूच्या भागाला सूज येते आणि त्यानं नळ्या चेपल्या जातात. म्हणून जोरात चोळलं की सूज आणि इजा वाढते, आणि जास्त उपसलं की आणखी दूध येऊन चेपणं वाढतं. मुरगळलेला घोटा आपण कंगव्यानं विंचरतो का?

करायचं ते असं. पाजून झाल्यावर थंड शेक, फडक्यात गुंडाळलेली मटारची पिशवी चालते, दहा-पंधरा मिनिटं. शेक-शेगडीची गरम ऊब छातीपासून लांब ठेवा. कोमट पाण्यानं अंघोळ करताना बरं वाटतं तेवढं पुरे. तळहातानं मांजराला कुरवाळावं तसं, निपलकडून काखेकडे आणि गळ्याच्या हाडाकडे हलकं फिरवा. पॅरासिटामॉल आणि आयबुप्रोफेन ही दोन्ही औषधं पाजणाऱ्या आईला चालतात. आयबुप्रोफेन सूजही उतरवतं. तुम्हाला अ‍ॅसिडिटी, दमा, किडनीचा त्रास किंवा वाढलेलं बीपी असेल तर आधी विचारून घ्या. बाळाला नेहमीसारखंच पाजत राहा, कमीही नको, जास्तही नको. कोबीची थंड पानं ठेवायची असतील तर ठेवा, त्यानं गार वाटतं. त्यामागचा पुरावा तोकडा आहे, पण कोबी स्वस्त आहे. त्वचेला चीर असेल तिथं नको.

आणि अंघोळ घालणाऱ्या मावशींना स्पष्ट सांगा: छातीला मालीश नको. बाळाच्या छातीतूनही 'दूध काढायचं' नाही. तान्ह्या बाळांच्या छातीला कधी कधी थोडी सूज असते, ती आपोआप जाते. पिळली तर तिथं पू होऊ शकतो. हे सांगायला अवघड जातं, मावशी रागावतात. रागावू द्या.

डॉक्टरकडे कधी

ताप १०१ च्या वर किंवा थंडी वाजून येणं. छातीचा एखादा भाग लाल, गरम आणि २४ तासांत न उतरणारा. गाठ मऊ पडून हलतेय असं वाटणं, कारण आत पू झालेला असू शकतो. तो हल्ली पुष्कळदा सोनोग्राफीत बघून सुईनं काढता येतो. निपलमधून पू येणं. बाळाकडून म्हणायचं तर: पाचव्या दिवसानंतर चोवीस तासांत सहापेक्षा कमी लंगोट ओले होणं, सुस्ती, शीमध्ये रक्त, दूध पिताना निळसर पडणं. शेवटच्या दोन गोष्टींना वाट बघत बसू नका.

अँटिबायोटिक दिलं म्हणून पाजणं थांबवायला सहसा लागत नाही. डॉक्टरांनी "बंद करा" म्हटलं तर पाजताना चालणारं दुसरं औषध आहे का, हे जरूर विचारा. दोन-तीन महिने सगळं करूनही पूर ओसरला नाही तर थायरॉईड आणि प्रोलॅक्टिन तपासतात. दूध कमी करणाऱ्या गोळ्याही असतात, कॅबरगोलिनसारख्या, पण त्या अगदी शेवटी आणि तज्ज्ञाच्या हातूनच. सर्दीच्या गोळ्यांतलं स्यूडोएफेड्रिन दूध उतरवतं हे कुठंतरी वाचून दुकानातून आणू नका, त्यानं बीपी वाढतं आणि झोप उडते.

मोगऱ्याची एक गंमत सांगते. दक्षिणेत दूध बंद करायला छातीवर मोगऱ्याची फुलं बांधतात. वेल्लोरच्या डॉक्टरांनी १९८८ मध्ये ते दूध आटवण्याच्या तेव्हाच्या नेहमीच्या गोळीशी ताडून पाहिलं होतं आणि फुलांचाही परिणाम दिसला. पण ते दूध पूर्ण थांबवण्यासाठी. गजरा केसांतच बरा.

जास्तीच्या दुधाचं काय

हातानं काढलेलं थोडंफार जमतंच. २५ अंशांपर्यंतच्या खोलीत ते चार तास टिकतं, असं सांगतात. आपल्याकडच्या एप्रिल-मेमध्ये खोली इतकी गार कुठली, तेव्हा लगेच फ्रीजमध्ये ठेवा. फ्रीजच्या आतल्या बाजूला चार दिवस, दारात नको. वेगळ्या दाराच्या फ्रीझरमध्ये सुमारे सहा महिने. छोट्या बाटल्या, वर तारीख. एकदा वितळलेलं पुन्हा गोठवायचं नाही. गरम करायचं ते कोमट पाण्याच्या भांड्यात ठेवून, गॅसवर नाही.

दान करायचं असेल तर ह्यूमन मिल्क बँक. आशियातली पहिली मुंबईतच सुरू झाली, १९८९ साली, सायनच्या लोकमान्य टिळक रुग्णालयात, डॉ. आर्मिडा फर्नांडिस यांच्या पुढाकारानं. पुण्यात ससूनमध्येही आहे. देणाऱ्या आईची एचआयव्ही, हेपटायटिस बी, सिफिलिस यांची तपासणी होते. दूध ६२.५ अंशांवर तीस मिनिटं पाश्चराइझ करून मगच वेळेआधी जन्मलेल्या बाळांना देतात. अर्धा किलो-एक किलोच्या बाळांसाठी त्या दुधाचं मोल काय ते एनआयसीयूबाहेर बसलेल्या आयांना विचारा. फक्त दान करण्यासाठी म्हणून पंप वाढवू नका. तुमचा पूर ओसरेपर्यंत जे आपोआप निघतं तेच द्या. शेजारणीच्या बाळाला कच्चं दूध देणं टाळा. आईचं दूध विकत घेणं-विकणं हा प्रकार बंद व्हावा म्हणून अन्नसुरक्षा प्राधिकरणानं २०२४ मध्ये तंबी दिलेली आहे, तेव्हा कुणी पैसे देऊ केले तर नाही म्हणा.

कपडे, गळणं, बारसं

जुन्या सुती साडीचे चौकोन करून चौपदरी घडी घाला, बाजारच्या पॅडपेक्षा सरस. ओले झाले की लगेच बदला, ओल राहिली की निपल चिरतात, बुरशी धरते. तारेची, घट्ट ब्रा नको. छाती बांधून ठेवायचा जुना उपाय अजिबात नको. चारचौघांत अचानक पान्हा सुटला तर हाताची घडी घालून छातीवर थोडा वेळ दाब द्या, धार थांबते. बाहेर जाताना गडद, छापील कपडे. मी बारशाला हौसेनं मोतिया रंगाची पैठणी नेसले होते. कुणा पाहुण्याचं बाळ रडलं, माझ्या पान्ह्याला कोण आपलं कोण परकं कळेना, आणि पाळणा म्हणायच्या वेळी मी आतल्या खोलीत ब्लाउज वाळवत उभी होते.

साधारण तिसऱ्या महिन्याच्या आसपास बहुतेकींचा हिशोब बसतो. छाती दिवसभर मऊ राहते, गळणं थांबतं, बाळ मोठं होऊन वेगाला सरावतं आणि दहा मिनिटांत पिऊन मोकळं होतं. नेमक्या याच वेळी घरात कुणीतरी म्हणतं, "दूध आटलं वाटतं." वजनाचा तक्ता बघा, ओले लंगोट मोजा. दोन्ही ठीक असतील तर शतावरीचा डबा उघडू नका आणि पंपही कपाटातून काढू नका.